कॉर्निया बदलण्याआधी: सौकारपेठेतल्या मराठी घरांसाठी

विटा, खानापूर, आटपाडी, तासगावकडून येऊन चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणाऱ्या घरांसाठी हे लिहितो आहे. सौकारपेठेत, मिंट स्ट्रीटच्या बोळांत, एन. एस. सी. बोस रोडच्या मागच्या जुन्या इमारतींत ज्यांच्या भट्ट्या आहेत, त्यांच्याकडे गावाहून आई-वडील येतात आणि पुष्कळदा येण्याचं कारण डोळे हेच असतं. गावी मोतीबिंदू काढलेला असतो. काही वर्षं चांगलं दिसतं, मग हळूहळू सगळं धुरकट होत जातं. ‘ऑपरेशन फेल गेलं’ असं घरातच ठरवून आबा किंवा आक्का ओसरीवर बसून राहतात. मद्रासला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत म्हणून मुलगा त्यांना इकडे आणतो. तपासणीनंतर कळतं की बसवलेली लेन्स जागेवर आहे, पडदाही ठीक आहे, पण कॉर्नियाचा आतला थर निकामी झाला आहे आणि तो बदलावा लागेल. मग पीके, डीसेक, डीमेक, पीडेक अशी नावं कानावर पडतात आणि घरात फोनाफोनी सुरू होते. कोणी म्हणतं, सगळ्यात नवीन असेल तेच करा. कोणी म्हणतं, अख्खं बुबुळच बदलून घ्या, एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की नावावरून ऑपरेशन ठरवू नका. आपल्या माणसाचा डोळा आज कोणत्या अवस्थेत आहे आणि ऑपरेशन करणाऱ्याचा हात कशावर बसलेला आहे, यावरून ठरवा. आणि ठरवायला वेळ लावू नका.

आधी आजार समजून घेऊ. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा अगदी समोरचा पारदर्शक भाग. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. डोळ्यातलं पाणी कॉर्नियात सतत झिरपत असतं आणि या पेशी ते रात्रंदिवस बाहेर उपसत असतात, म्हणून कॉर्निया स्वच्छ राहतो. जन्मताना दर चौरस मिलिमीटरला तीन हजारांहून जास्त पेशी असतात. वयाबरोबर त्या कमी होत जातात आणि गेलेल्या पेशींच्या जागी माणसाच्या शरीरात नव्या तयार होत नाहीत. संख्या पाचशेच्या खाली गेली की उपसा कमी पडू लागतो. कॉर्निया सुजतो, धुरकट होतो. पुढे त्यावर पाण्याचे बारीक फोड येतात, आणि ते फुटले की डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही.

हे दोन वाटांनी होतं. एक जन्मजात कल, म्हणजे ‘फुक्स डिस्ट्रॉफी’. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० मध्ये तिचं वर्णन केलं. युरोप-अमेरिकेत हा थर बदलण्याच्या शस्त्रक्रिया मुख्यतः तिच्यासाठी होतात. दुसरी वाट मोतीबिंदूच्या ऑपरेशनातून जाते, आणि आपल्याकडे तीच जास्त दिसते. याचा अर्थ दर वेळी डॉक्टर चुकला असा नाही. मोतीबिंदू फार पिकून कडक झाला असेल, ऑपरेशन लांबलं असेल, आधीपासूनच पेशी कमी असतील, काचबिंदू असेल, तर या थरावर ताण येतो आणि त्याचा हिशेब काही वर्षांनी समोर येतो. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या अंधत्वाच्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या एकूण अंधत्वात कॉर्नियाच्या अपारदर्शकतेमुळे आलेलं ७.४ टक्के आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे आलेलं ७.२ टक्के निघालं. हा दुसरा आकडा लहान नाही, आणि तो गावाकडच्या आपल्या वडीलधाऱ्यांचाच आहे.

आता शस्त्रक्रियांकडे येऊ. सगळ्यात जुनी ती पीके. आजारी कॉर्नियाचा मधला गोल भाग आरपार कापून काढायचा आणि तिथे दात्याचा तेवढाच भाग बारीक टाक्यांनी शिवायचा. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये ओलोमोउत्स गावी ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी केली, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं तिला पर्याय नव्हता. या शस्त्रक्रियेने लाखो लोकांना दृष्टी दिली आहे, तिला कमी लेखू नये. पण आजार फक्त आतल्या थराचा असेल तर निरोगी भागही कापावा लागतो. टाके महिनोन्महिने ठेवावे लागतात, त्यांच्या ताणाने कॉर्नियाचा आकार वाकडा होतो, चष्मा जमून नीट दिसायला वर्ष किंवा त्याहून अधिक लागतं. शिवाय ती गोल जखम आयुष्यभर कच्चीच राहते. जोराचा फटका बसला तर डोळा त्याच रेषेवर उघडतो. आबा गावी जाऊन गोठ्यात वावरणार असतील, म्हशीच्या शिंगाचा किंवा शेपटीचा फटका बसण्याची शक्यता असेल, तर हा मुद्दा कागदावरचा राहत नाही.

फक्त आतला थर बदलायची वाट नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी १९९८ मध्ये दाखवली. त्यातून पुढे डीसेक आली. दात्याच्या कॉर्नियाची मागची पातळ चकती, साधारण १०० ते २०० मायक्रॉन जाडीची, छोट्या चिरेतून आत सरकवायची आणि हवेचा बुडबुडा भरून आतल्या बाजूला चिकटवायची. या चकतीला टाके घालावे लागत नाहीत. अगदी पातळ चकती वापरली तर तिला अल्ट्राथिन डीसेक म्हणतात. २००६ मध्ये मेलेस यांनीच डीमेकची पद्धत मांडली. तीत फक्त १० ते १५ मायक्रॉनचा पडदा, म्हणजे ज्या थराचा आजार तेवढाच थर जातो. तो हाताळणं चांदीचा ओला वर्ख हाताळण्याइतकं नाजूक काम आहे: तो स्वतःभोवती गुंडाळला जातो, आणि डोळ्याच्या आत हात न लावता त्याला उलगडून सरळ बसवायचं असतं. पीडेक ही मधली पद्धत चेन्नईतच आकाराला आली. डॉ. अमर अगरवाल आणि इंग्लंडमधले डॉ. हरमिंदर दुआ यांनी २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. दुआ यांनी वर्णन केलेला एक चिवट पातळ थर सोबत घेतल्याने पडदा कमी गुंडाळतो, आणि तरुण दात्याचा कॉर्नियाही वापरता येतो.

निकाल काय सांगतात? इंडियानापोलिसच्या एका केंद्राने २०१२ मध्ये दोन वर्षांच्या नोंदी मांडल्या. नवं रोपण शरीराने नाकारण्याचा प्रकार डीमेकच्या १४१ डोळ्यांपैकी एकात, डीसेकच्या धाटणीच्या ५९८ पैकी ५४ डोळ्यांत आणि पीकेच्या ३० पैकी ५ डोळ्यांत झाला. पीकेचे डोळे थोडेच होते हे लक्षात ठेवा, तरी फरक ठळक आहे. जितकी परकी ऊती कमी, तितका शरीराचा विरोध कमी. डीमेकचा हा सगळ्यात मोठा गुण मला वाटतो. ज्या माणसाला गावी जाऊन महिनोन्महिने डॉक्टर भेटणार नाही, त्याच्यासाठी तर नजरेच्या एखाद्या ओळीपेक्षा तो मोलाचा आहे.

नजरेबाबत अमेरिकेतल्या ‘डिटेक्ट’ चाचणीत (२०१९) ५० डोळ्यांवर अल्ट्राथिन डीसेक आणि डीमेक चिठ्ठ्या टाकून विभागून केल्या गेल्या. तीन, सहा आणि बारा महिन्यांना डीमेकची नजर सरस निघाली. फरक मात्र तक्त्यावरच्या साधारण एका ओळीचा होता. नेदरलँड्समध्ये ५४ डोळ्यांवर झालेल्या चाचणीत वर्षाअखेर सरासरी नजरेतला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण ६/६ च्या लगेच वरची, जरा मोठ्या अक्षरांची ओळ वाचणारे डीमेकमध्ये ६६ टक्के होते आणि अल्ट्राथिन डीसेकमध्ये ३३ टक्के. म्हणजे बारीक काम करणाऱ्याला डीमेकने फायदा होतो, आणि घरात वावरण्यापुरती, माणसं ओळखण्यापुरती नजर दोन्हींनी मिळते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बसवलेला थर सुटून खाली येणं आणि पुन्हा हवा भरावी लागणं डीमेकमध्ये जास्त होतं. अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी डीमेकसाठी शंभरात सुमारे २९ आणि डीसेकसाठी १४ आहे. पण या सरासरीच्या आत काय आहे तेही बघा. काही केंद्रांत थर सुटण्याचं प्रमाण जवळजवळ शून्य, काही केंद्रांत निम्म्याहून जास्त. शस्त्रक्रियेचं नाव तेच, निकाल इतके वेगळे. हा फरक बराचसा हाताचा आहे, सरावाचा आहे. पेशींची झीज दोन्हींत होते. पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे एक तृतीयांश पेशी जातात. म्हणून ‘एकदा केलं की जन्माची चिंता मिटली’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि हे आकडे घरी घेऊन जाण्याआधी विचारा की ते कोणाच्या डोळ्यांचे आहेत. नेदरलँड्सच्या चाचणीत सगळे रुग्ण फुक्सचे होते, मोतीबिंदूची लेन्स नीट बसलेले. अमेरिकेच्या चाचणीतही प्रामुख्याने तेच. आपल्या आक्कांचा डोळा तसा असेलच असं नाही. त्यांच्या डोळ्यात लेन्स पुढच्या कप्प्यात बसवलेली असू शकते, बाहुली फाटलेली असू शकते, मागची जेली काढलेली असू शकते, काचबिंदूची नळी असू शकते, किंवा दोन-तीन वर्षांच्या सुजेने कॉर्निया इतका धुरकट असतो की आत काय चाललंय ते ऑपरेशन करणाऱ्याला दिसत नाही. अशा डोळ्यात डीमेकचा पडदा मागे निसटू शकतो, हवा टिकत नाही. तिथे अनुभवी डॉक्टर डीसेक सुचवतात, आणि ती दुय्यम दर्जाची सोय नसून त्या डोळ्यासाठी तीच योग्य शस्त्रक्रिया असते. ‘जुनी पद्धत का करता, पैसे कमी पडतात म्हणून का?’ असं डॉक्टरांना विचारणारे नातेवाईक असतात. तसं विचारू नका. ‘या डोळ्यात डीमेक का नको?’ असं विचारा. उत्तर नीट मिळेल आणि तुमच्याही लक्षात राहील.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. आतला थर बदलायचा तर पुढचा भाग साफ असायला हवा. सूज वर्षानुवर्षं राहिली की कॉर्नियात कायमचा व्रण धरतो, पांढुरकेपणा येतो. मग नवा थर कितीही छान बसला तरी पुढून धूसरच दिसतं, आणि शेवटी आरपार पीके करावी लागते. म्हणजे ज्या घराने ‘आता वय झालं, बघू दिवाळीनंतर’ म्हणून दोन वर्षं काढली, त्या घराने नकळत सोपी शस्त्रक्रिया हातची घालवलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी उठल्यावर धुरकट आणि दुपारकडे जरा साफ दिसत असेल, तर तो बहुधा कॉर्नियाच्या सुजेचा प्रकार असतो, कारण रात्री मिटलेल्या डोळ्यातलं पाणी उडून जात नाही. मोतीबिंदू असलेल्या कुणाचीही ही तक्रार असेल, तर मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवण्याआधी पेशी मोजण्याची तपासणी करून घ्या. तिला स्पेक्युलर मायक्रोस्कोपी म्हणतात. दुखत नाही, पाचेक मिनिटांत होते. मिरजेत, सांगलीत, पुण्यातही होते. मोतीबिंदू कडक होईपर्यंत थांबायचं नाही, हेही त्याच हिशेबात येतं.

इथे राहणाऱ्यांचं एक सुदैव आहे. एग्मोरचं सरकारी नेत्र रुग्णालय १८१९ सालचं, देशातलं सर्वांत जुनं डोळ्यांचं रुग्णालय. १९४५ मध्ये डॉ. मुथय्या यांनी देशातली पहिली नेत्रपेढी तिथेच सुरू केली. मन्नडी किंवा हायकोर्ट स्टेशनवरून मेट्रोने सेंट्रल, तिथे गाडी बदलली की पुढचंच स्टेशन एग्मोर. खाजगी रुग्णालयं आणि धर्मादाय संस्थाही याच शहरात आहेत. दोन ठिकाणी दाखवा, दोन मतं घ्या. कॉर्नियाच्या सुजेत एक-दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते वर्षांनी. जाताना घरातला तमिळ नीट बोलणारा पोरगा सोबत न्या, इथेच शाळा शिकलेला. संमतीपत्रावर आबांनी नुसता अंगठा उमटवू नये. त्यात काय लिहिलंय ते त्यांना मराठीत सांगून मगच सही घ्यावी.

डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नका: गेल्या वर्षी आपण अशी किती रोपणं केली, त्यांतल्या किती जणांना पुन्हा हवा भरावी लागली, वर्षाअखेर किती कॉर्निया साफ होते. हा उद्धटपणा नाही. तंजावरचे आपले सरफोजी राजे, १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजी, डोळ्यांच्या रुग्णांची हकीकत, उपचार आणि डोळ्यांची चित्रं लिहून-काढून ठेवायला लावत. त्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. दोनशे वर्षांपूर्वी मराठी राजाच्या दवाखान्यात जी शिस्त होती, ती आज मागायला काय हरकत? आणि जो डॉक्टर सांगतो की ‘मी डीसेकच जास्त केल्या आहेत, त्यात माझा हात चांगला आहे’, त्याच्या प्रामाणिकपणाला मी नव्या यंत्राच्या जाहिरातीपेक्षा जास्त किंमत देईन.

पैशाबाबत एकच. कॉर्निया विकत मिळत नाही, विकताही येत नाही. अवयव आणि ऊती रोपणाच्या कायद्याने तो गुन्हा आहे. नेत्रपेढी फक्त तपासणी आणि साठवणुकीचा खर्च घेते, तोही पावतीवर. ‘चांगला डोळा मिळवून देतो’ म्हणणारा कुणी मध्ये आला तर तिथून उठा.

ऑपरेशननंतर आतला थर हवेच्या किंवा गॅसच्या बुडबुड्याने चिकटलेला असतो. एक ते तीन दिवस उताणं, छताकडे तोंड करून पडून राहावं लागतं. जेवायला आणि बाथरूमला उठण्यापुरती सवलत. उशी किती उंच, किती वेळ, हे डॉक्टर सांगतील तसंच. सौकारपेठेतल्या आपल्या खोल्या भट्टीला लागून किंवा तिच्या वरच असतात, धूर आणि वाफ तिथे पोचते. रुग्णाला त्या दिवसांत तिथे ठेवू नका. नातेवाईकाकडे, नाही तर रुग्णालयाजवळ खोली घ्या. गॅस भरला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास बंद. वर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब धोक्याच्या पातळीला जातो. रेल्वेनेही लगेच गावी न्यायची घाई नको. पहिल्या आठवड्यातच थर सुटण्याचं भय जास्त असतं, आणि सुटला तर हवा भरणारा डॉक्टर इथे आहे, आटपाडीत नाही.

स्टेरॉइडचे थेंब वर्षभर किंवा जास्त चालतात. ‘डोळा छान झाला’ म्हणून ते गावी बंद केले, हे रोपण गमावण्याचं नेहमीचं कारण आहे. उलट त्याच थेंबांनी डोळ्याचा दाबही वाढू शकतो, म्हणून दाब तपासत राहावा लागतो. गावाजवळचा कोणता डॉक्टर हे बघेल, ते चेन्नई सोडण्याआधी ठरवा आणि ऑपरेशनचा कागद त्याच्याकडे द्या. डोळा लाल झाला, उजेड खुपू लागला, नजर कमी झाली किंवा दुखू लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवा. नाकारण्याची क्रिया लवकर पकडली तर औषधाने बऱ्याचदा परतवता येते.

भट्टीवरच्या पोरांसाठीही दोन शब्द. तेजाब डोळ्यात उडालं तर त्याला यातली कोणतीही शस्त्रक्रिया सहसा पुरी पडत नाही. तिथे कॉर्नियाचा पृष्ठभाग आणि कडेच्या मूळपेशी जळतात, आणि त्या डोळ्यांवरचे उपचार फार लांबचे, फार अवघड असतात. उडालं की त्याच क्षणी नळाखाली डोळा धरून अर्धा तास धुवायचा, पापणी उलटून धुवायचा, मगच रिक्षा. चष्मा न घालता नायट्रिकच्या भांड्यावर वाकू नका. मालकांनी चष्मे स्वतः आणून द्यावेत, पोरांच्या मर्जीवर सोडू नये.

जपानमध्ये क्योटोच्या किनोशिता यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सुईने आत सोडून ११ रुग्णांचे कॉर्निया साफ केल्याचं दाखवलं. तिथे २०२३ मध्ये या उपचाराला मान्यताही मिळाली. एका दात्याच्या पेशी अनेकांना पुरतील असा तो मार्ग आहे. पण आज आबांच्या डोळ्यासाठी त्याची वाट बघत बसू नका.

आज लागतो तो दुसऱ्या माणसाचा कॉर्निया, आणि तो कुणाच्या तरी घरून यायला हवा. आपल्या घरांत समज आहे की म्हाताऱ्या माणसाचे डोळे काय कामाचे. डीमेकबाबत तर नेमकं उलट आहे. तरुण दात्याचा पडदा घट्ट गुंडाळतो, पन्नाशी ओलांडलेल्या दात्याचा सैल असतो, म्हणून पेशी पुरेशा असतील तर वयस्क दात्याचाच कॉर्निया डॉक्टर पसंत करतात. चष्मा असो, मधुमेह असो, मोतीबिंदू झालेला असो, नेत्रदान करता येतं. वापरायचं की नाही ते नेत्रपेढी तपासून ठरवते. एकाच कॉर्नियाचा पुढचा भाग एकाला आणि मागचा थर दुसऱ्याला, असाही उपयोग होतो.

आपल्याकडे इथे कुणी गेलं की ॲम्ब्युलन्स करून मयत लगेच गावाकडे काढायची पद्धत आहे. त्या धावपळीत नेत्रदान राहून जातं, कारण डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात आणि तेवढ्यात गाडी चेन्नईच्या फार पुढे गेलेली असते. घ्यायला वीसेक मिनिटं लागतात, चेहरा विद्रूप होत नाही. नेत्रपेढीचा फोन आजच दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवा, आणि वडीलधाऱ्यांची इच्छा त्यांच्याच तोंडून ऐकून ठेवा. वेळ आलीच तर पापण्या मिटा, त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, फोन करा, आणि गाडीवाल्याला अर्धा तास थांबायला सांगा.